अमोनियाच्या वॅगनवरील वायरलेस सेन्सर: उभ्या मालगाडीसाठी उत्तम, पुढच्या प्रवासासाठी अपुरे

द्रव अमोनिया वाहून नेणाऱ्या टँक वॅगनमधील बारीक गळती वेळीच कळावी म्हणून आमच्या कारखान्याच्या साइडिंगवर (माल भरण्या-उतरवण्याच्या बाजूच्या रुळांवर) वायरलेस सेन्सर घेण्यात आले. मालगाडीच्या वॅगनला वीजपुरवठा नसतो, त्यामुळे बॅटरीवर चालणारे आणि ज्वलनशील वायूजवळही सुरक्षित राहणारे उपकरण हाच व्यवहार्य पर्याय होता.

मूळ कामात ते चोख आहे. एका रात्रपाळीत भरणी संपलेल्या वॅगनचे रीडिंग सावकाश चढत जाऊन २५ पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग), म्हणजे आठ तासांच्या कामासाठी मान्य असलेली मर्यादा ओलांडू लागले, तेव्हा नाकाला वास येण्याची वाट न पाहता केबिनमध्ये अलार्म वाजला. ओला लाल लिटमस कागद (अमोनिया लागल्यास निळा होणारा) फ्लँजभोवती, म्हणजे बोल्टांनी आवळलेल्या जोडाभोवती फिरवला असता तो एकाच बोल्टापाशी निळा झाला. नट आवळल्यावर आकडा उतरला. अशा ढिल्या झाकण-व्हॉल्व्हांच्या गळतीसाठीच हे उपकरण आहे. अमेरिकेत मायनॉट येथे २००२ साली गाडी घसरून अमोनियाच्या पाच टाक्या क्षणात फुटल्या होत्या. तशा प्रसंगी कोणताही सेन्सर काहीच वाचवू शकत नाही, हे विक्रेत्यांनीही स्पष्ट सांगायला हवे.

माहितीपत्रकात किलोमीटरच्या भाषेत रेंज सांगितलेली असते, पण वॅगनच्या माथ्यावरील पोलादी डोमचे (व्हॉल्व्ह झाकणाऱ्या घुमटाचे) झाकण लावले की संदेश आतच अडकतो आणि इथेच घोडे पेंड खाते. अँटेना बाहेर काढून घेतल्यावरच ही अडचण सुटली. शिवाय अमोनिया वायू हवेपेक्षा हलका असला तरी द्रव सांडल्यास उणे ३३ अंशांना उकळणाऱ्या त्या द्रवाचे थंड धुके जमिनीलगत पसरते, म्हणून वरच्या एकाच सेन्सरवर विसंबणे आम्हाला पटले नाही; खाली, रुळांच्या बाजूलाही एक बसवावा लागला. पावसाळ्यात सेन्सरच्या तोंडावरील, वायू आत घेणाऱ्या पातळ पडद्यावर पाण्याचे थेंब साचले की प्रतिसाद मंदावतो, ही त्रुटी मात्र कंपनीने अजून दूर केलेली नाही.

रेक (वॅगनांची जोडलेली रांग) साइडिंगबाहेर गेला की संदेश घेणाऱ्या रिसीव्हरशी संपर्क तुटतो आणि पुढचा सारा प्रवास अंधारातच होतो. मोबाइल नेटवर्कवर चालणारे महागडे मॉडेल त्यावर उपाय ठरू शकते, परंतु ते बॅटरी लवकर संपवते. खरेदी करणाऱ्यांनी सेन्सरमधील वायू ओळखणाऱ्या सेलचा (बॅटरीचा नव्हे) खर्च आधी विचारून घ्यावा. हा सेल वायूच्या संपर्काने झिजत जातो, आणि तो बदलण्याची व ठरावीक मुदतीने कॅलिब्रेशन (रीडिंग अचूक आहे का हे तपासून जुळवणे) करण्याची जबाबदारी करारात लेखी नसेल तर सवलतीच्या दराला भुलू नये.