पोरांच्या पार्ट्या आणि घरगुती ब्रेथ ॲनालायझर: घ्यावं की नको?

थर्टी फर्स्ट जवळ आला की बेळगावातल्या पालकांच्या ग्रुपवर हजार-बाराशेच्या ब्रेथ ॲनालायझरच्या लिंका फिरायला लागतात. पोरं जांबोटीकडच्या कुठल्यातरी फार्महाऊसवर जाणार, नाहीतर चोर्ला घाट उतरून गोव्याला, आणि तिथं 18 पूर्ण झाली की दारू कायद्यानंच मिळते. धास्ती खरी आहे. मशीनही अगदीच टाकाऊ नाही, फक्त बहुतेक घरांत ते उलट्या कामाला जुंपलं जातं.

या किमतीत आत सेमीकंडक्टर सेन्सर येतो. त्याला दारूची वाफ कळते, पण सेंट, सॅनिटायझर आणि सिगारेटचा धूर यांनीही तो फसतो. आपल्याकडच्या जुलैतल्या दमट हवेत तर त्याचा भरवसा आणखी कमी. फ्युएल सेल या दुसऱ्या प्रकारच्या सेन्सरचं मशीन असं सहज चकत नाही, पण त्याला काही हजार मोजावे लागतात. परवडत असेल तर तेच घ्या.

मोजायच्या आधी 15 मिनिटं खाणंपिणं, सिगारेट काही नको, साध्या पाण्यानं चूळ भरायची. चालू केल्यावर सेन्सर तापायला 10 ते 20 सेकंद लागतात. मग बीप थांबेपर्यंत, साधारण 5 सेकंद, एका दमात फुंकायचं. फुफ्फुसाच्या तळची हवा शेवटी येते आणि मोजायची असते तीच. ओठाच्या कोपऱ्यातून हवा सोडली किंवा मध्येच दम तोडला की आकडा खाली येतो. पोरांना हे तुमच्या आधी कळतं! वेलदोडा, पानमसाला यांनी वास झाकला जातो, आकडा हलत नाही. माउथवॉशचं उलट: थेंबभर दारू न पिताही आकडा चढतो आणि पंधरा मिनिटांत उतरतो. म्हणून एका फुंकरीवर पोराला गुन्हेगार ठरवू नका, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. सेल उतरले असतील तर दोन्ही आकडे फुकट.

एकक तपासणं बरेचजण विसरतात. गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे. मशीन टक्क्यांवर असेल तर ती 0.03 दिसते आणि श्वासाच्या मिलिग्रॅम-प्रतिलिटरवर असेल तर सुमारे 0.14. ही मर्यादाही लायसन्सवाल्या मोठ्यांसाठी. सतरा वर्षांच्या पोराच्या हातात स्कूटरची किल्ली शून्यावरही द्यायची नाही: मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ प्रमाणे पालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो.

खरा धोका कमी आकड्याचा. शेवटच्या घोटानंतर अर्धा ते दीड तास रक्तातली दारू वाढतच असते, त्यामुळं दारात 0.04 दाखवणारं पोर अंथरुणात 0.08 वर जाऊ शकतं. उतरते ती ताशी साधारण 0.015 नं. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. हाक मारून, चिमटा काढूनही जागं होत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत असेल तर मशीन बाजूला ठेवा. कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, 108 ला फोन करा.

व्हेपसाठी, म्हणजे ई-सिगारेटसाठी, हे मशीन निरुपयोगी. ई-सिगारेटवर 2019 पासून देशभर बंदी आहे, तरी पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या कांड्या दप्तरात सापडतात. त्यासाठी लोक लघवीतलं कोटिनिन (निकोटीनपासून शरीरात बनणारा पदार्थ) तपासणाऱ्या पट्ट्या मागवतात आणि निकाल हमखास उलटा वाचतात. गरोदरपणाच्या चाचणीची सवय असते ना! इथं दोन रेघा म्हणजे निकोटीन आढळलं नाही, दुसरी रेघ पुसट असली तरीही. फक्त पट्टीवरच्या ‘सी’ अक्षराजवळची एकच रेघ म्हणजे आढळलं. तेही मागच्या दोन-चार दिवसांतलं. व्हेप, मावा, गुटखा, बिडी यांतला फरक पट्टीला कळत नाही, आणि तंबाखू हाताळणाऱ्याच्या कातडीतूनही निकोटीन अंगात जातं. निपाणी भागात बिड्या वळणाऱ्या घरांनी ही पट्टी घेऊच नये. पोर स्वतःहून सोडायला तयार असेल तर 1800-11-2356 ही तंबाखू सोडण्याची मोफत हेल्पलाइन पट्टीपेक्षा कामाची.

मशीनचा उपयोग पार्टीआधी. टेबलावर ठेवून ठरवा: ज्याच्या गाडीवरून यायचं त्यानं एक घोटही घेतला असेल तर फोन करायचा, बाबा किंवा काका कितीही वाजता घ्यायला येतील, त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाहीत. बोलणी दुसऱ्या दिवशी दुपारी. हा शब्द एकदा मोडलात की पुढच्या वेळी फोन येत नाही.

दारूसाठी पाचपैकी तीन, व्हेपसाठी शून्य. घेतलंच तर खरेदीची तारीख मशीनच्या पाठीवर चिकटवा. सहा महिने ते वर्षभरात कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा बरोबर येतो का ते तपासून जुळवणं, लागतं आणि स्वस्त मशीनला ते करून देणारं कोणी मिळणं कठीण, त्यामुळं वर्ष उलटल्यावर त्याच्या आकड्यावर घरात भांडण काढू नका.