निरसन की क्रेमर, सरळ पद्धत की गृहीतमध्य? दहावीच्या गृहपाठात कुठे काय वापरावं

'क्रेमरच्या पद्धतीने सोडवा' असं प्रश्नातच लिहिलं असेल तर निवडीचा प्रश्नच नाही. घोळ होतो तो नुसतं 'एकसामयिक समीकरणे सोडवा' एवढंच असतं तेव्हा. मुलं वर्गात सगळ्यात शेवटी शिकवलेली पद्धत उचलतात आणि तीन ओळींचं उदाहरण पानभर चालतं. राज्य मंडळाचा गणित भाग १ चा पेपर ४० गुणांचा, दोन तासांचा, आणि कॅल्क्युलेटर चालत नाही. त्यामुळे पद्धत निवडताना मी दोनच गोष्टी बघते: आकडे कुठे लहान राहतात, आणि चिन्ह चुकायला कुठे कमी जागा आहे. (पुस्तकात रोमन अक्षरं असतात. मी आमच्या आधीच्या पिढीसारखं क्ष आणि य लिहिणार आहे.)

३क्ष + २य = १८ आणि ५क्ष − २य = १४ घ्या. य चे सहगुणक सारखे, चिन्हं उलटी. बेरीज केली की ८क्ष = ३२, म्हणून क्ष = ४ आणि य = ३. इथे क्रेमरचे निश्चयक (सहगुणकांच्या तिरप्या गुणाकारांचा फरक) मांडत बसणं म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात जायला रिक्षा करणं. एखाद्या चलाचा सहगुणक १ असेल तर त्याची किंमत दुसऱ्या समीकरणात घालून मोकळं व्हावं.

४९क्ष + ५१य = १५१ आणि ५१क्ष + ४९य = १४९ असली अदलाबदल दिसली, तर कुठल्याच पद्धतीचं नाव न घेता एकदा बेरीज, एकदा वजाबाकी. बेरजेतून क्ष + य = ३, वजाबाकीतून क्ष − य = −१. उत्तर १ आणि २. हा प्रकार ओळखता न आल्यामुळे मुलं ४९ ला ५१ ने गुणताना मी पाहिली आहेत, आणि ते बघवत नाही.

आता खरी तुलना. ७क्ष + ५य = ३१ आणि ४क्ष − ६ = ३य. दुसरं समीकरण आधी ४क्ष − ३य = ६ असं लिहून घ्यायचं. क्रेमरमधल्या बहुतेक चुका या पायरीवर होतात, पुढच्या गुणाकारात नव्हे. मग मुख्य निश्चयक ७ × (−३) − ५ × ४ = −४१. क्ष चा −१२३, य चा −८२. भागाकार केला की ३ आणि २. हेच निरसनाने, म्हणजे एक चल घालवून, करा: पहिल्याला ३ ने गुणा, दुसऱ्याला ५ ने, बेरीज करा. ४१क्ष = १२३. तेच आकडे! क्रेमर म्हणजे निरसनच, फक्त एकदाच करून साच्यात बसवलेलं. गॅब्रिएल क्रेमर या स्विस गणितज्ञाने १७५० साली हा नियम छापला. म्हणून सहगुणक वेडेवाकडे असले की क्रेमर, कारण काय कशाने गुणायचं हा विचार वाचतो. पण ऋण संख्यांत ज्याचा हात नेहमी घसरतो, त्याने निरसनच धरावं. तिथे प्रत्येक ओळ डोळ्यांसमोर असते आणि चूक मागे जाऊन सापडते. मुख्य निश्चयक शून्य आला तर क्रेमरने पुढे जाता येत नाही, कारण तिथे एकमेव उकलच नसते.

आलेख पद्धत समजण्यासाठी उत्तम, उत्तरासाठी नाही. छेदनबिंदू अपूर्णांकात आला की आलेख कागद 'साधारण इथे कुठेतरी' एवढंच सांगतो.

वर्गसमीकरणात मी आधी विवेचक काढायला सांगते, म्हणजे ब² − ४अक (अ हा क्ष² चा सहगुणक, ब हा क्ष चा, क ही सुटी संख्या). २क्ष² + १३क्ष + १५ = ० मध्ये तो १६९ − १२० = ४९. पूर्ण वर्ग आला, म्हणजे अवयव नक्की पडणार: (क्ष + ५)(२क्ष + ३). क्ष² − ६क्ष + ४ = ० मध्ये २० येतो, तेव्हा अवयव शोधण्यात दहा मिनिटं घालवू नका. मधला सहगुणक सम आहे, म्हणून पूर्ण वर्ग पद्धत सूत्रापेक्षाही सुटसुटीत: (क्ष − ३)² = ५. मधला सहगुणक विषम असेल तर मात्र पूर्ण वर्गात अपूर्णांकांचा चिखल होतो. त्यावर श्रीधराचार्यांची जुनी युक्ती आहे, भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात दिलेली: आधी सगळं ४अ ने गुणायचं. ३क्ष² + ५क्ष − २ = ० ला १२ ने गुणून −२४ पलीकडे नेलं आणि दोन्हीकडे २५ मिळवले की (६क्ष + ५)² = ४९. क्ष = १/३ किंवा −२, वाटेत एकही अपूर्णांक नाही.

गाईड, क्लास आणि फोटो काढला की उत्तर देणारं ॲप यांबद्दल थोडक्यात: उत्तर ताळून बघायला तिन्ही चालतात. पण ॲपने दिलेल्या पायऱ्या आपल्या पुस्तकातल्याच असतील याचा भरवसा नाही, आणि वर 'कोणत्या पद्धतीने' हे दिलं असेल तर त्या पायऱ्या निरुपयोगी.

सांख्यिकीत निवड सोपी आहे, तरी गोंधळ जास्त. ५० घरांचा महिन्याचा वीजवापर असा धरा: ०–१०० युनिट १२ घरं, १००–२०० मध्ये २०, २००–३०० मध्ये १०, ३००–४०० मध्ये ६, ४००–५०० मध्ये २. सरळ पद्धतीत प्रत्येक वर्गाच्या मधली संख्या गुणिले घरं, म्हणजे ५० × १२, १५० × २० असे गुणाकार करत बेरीज ९१००, भागिले ५० घरं, आणि मध्य (सरासरी) १८२. गृहीतमध्य (अंदाजाने धरलेला मध्य) १५० धरला तर विचलनं, म्हणजे त्यापासूनचे फरक, −१००, ०, १००, २००, ३००. घरांच्या संख्येने गुणून बेरीज १६००, भागिले ५० म्हणजे ३२, मध्य पुन्हा १८२. मध्यप्रमाण विचलनात तीच विचलनं १०० ने भागून −१, ०, १, २, ३ होतात, बेरीज १६, आणि हे तोंडी जमतं. वर्गांतर समान असेल तर मी डोळे मिटून हीच पद्धत सांगते. गृहीतमध्य २५० धरला असता तरी उत्तर बदललं नसतं. 'नेमका कोणता धरू?' या प्रश्नात मुलं उगाच अडकतात. जास्त वारंवारतेच्या (इथे जास्त घरांच्या) वर्गाच्या मधली संख्या धरली की तिथलं विचलन शून्य होतं आणि सगळ्यात मोठा गुणाकार वाचतो, एवढाच फायदा. फक्त शेवटी १०० ने परत गुणायला विसरायचं नाही. उत्तर १५०.३२ आलं तर तेच विसरलंय.

याच सारणीचा मध्यक, म्हणजे निम्मी घरं ज्याच्या खाली आणि निम्मी वर असतात तो आकडा, १६५ येतो. वरच्या दोन वर्गांतली आठ घरं मध्याला वर ओढतात, मध्यकाला तेवढं ओढू शकत नाहीत. 'साधारण घराचा वापर किती' असं कुणी विचारलं तर मी १६५ सांगेन. मध्यक काढण्याआधी एक बघा: वर्ग १–१०, ११–२० असे असतील तर ते आधी ०.५–१०.५, १०.५–२०.५ असे सलग करून घ्यावे लागतात. मध्य काढताना याची गरज पडत नाही, म्हणून मध्यकाच्या वेळी ते हमखास राहून जातं.