रॉटवायलर की ग्रेट डेन? बडोद्यात पाळायचा असेल तर

या दोघांतला कुठला घेऊ असं तू विचारलंस, तर माझ्याकडे सात वर्षं रॉटीची, म्हणजे रॉटवायलरची, मादी होती, कारेलीबागेतल्या आतेभावाकडे डेन आहे, म्हणजे दोघांचीही लाळ पुसून झालीये. दोन्ही मूळ जर्मनीचे आणि बडोद्याचा मे महिना दोघांनाही मानवत नाही. सकाळी सहाच्या आत आणि मग दिवस मावळल्यावरच फिरवायचं, आधी उलटा हात रस्त्यावर टेकवून बघायचा, पाच-सात सेकंद टेकवत नसेल तर नाही न्यायचं.

स्वभावात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. रॉटवायलर हा खाटकांची गुरं हाकणारा, गाड्या ओढणारा कुत्रा, त्याला काम लागतं आणि काम नसलं तर तो स्वतःच शोधतो. आमच्याकडे गणपतीत माणसांची रीघ असते, पहिल्या वर्षी हिने गुरुजींच्या उपरण्याचं टोक जे धरलं ते आरती संपेपर्यंत सोडलंच नाही, चावली नाही हो, पण पुढच्या वर्षी गुरुजी आधी फोन करून "बांधलीये ना?" विचारून आले. चूक आमचीच. पार्व्हो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा जीवघेणा संसर्ग, या जातीच्या पिल्लांना जास्त होतो म्हणून 16 आठवड्यांच्या वयापर्यंतचे लशीचे डोस पुरे होईपर्यंत तिला घरातच कोंडली, आणि नव्या माणसांची, आवाजांची सवय लागायचं वय नेमकं तेच असतं. जमिनीवर न ठेवता नुसती कडेवर घेऊन मांडवीच्या बाजारात फिरवली असती तरी पुष्कळ झालं असतं.

डेन कधीकाळी रानडुकराच्या शिकारीला न्यायचे म्हणे, आतेभावाचा तर पाल बघून मागे सरतो. पण 80 सेंटीमीटरच्या वर उंची आणि तो भारदस्त आवाज, चोर फाटकातूनच परत जाईल. पाहुण्यांच्या घराला हाच बरा. फक्त लाडात येऊन अंगावर रेलतो, घरी म्हातारी माणसं असतील तर ते आधी बघ. आणि शेपूट! चहाचा ट्रे गेलाच समज.

तब्येतीचं म्हणशील तर रॉटीला कंबरेच्या सांध्याचा त्रास आणि हाडांचा कॅन्सर, आयुष्य साधारण नऊ-दहा वर्षं. डेन सात-आठ वर्षांत संपतो, हृदय मोठं होण्याचा आजार असतो, पण खरी भीती पोट फुगून पीळ पडण्याची. पोट ढोलासारखं टणक होतं, ओकाऱ्या येतात पण बाहेर काही पडत नाही, लाळ गळते. अशा वेळी घरगुती औषध नाही, सरळ ऑपरेशनच, आणि तेही काही तासांच्या आत. नसबंदी करतानाच जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून धरून ठेवता येतं, डेन घेतलास तर डॉक्टरांना हे नक्की विचार. जेवण दोन-तीनदा विभागून दे. आणि पिल्लाला मोठ्या जातीचं पपी फूड देत असशील तर वरून कॅल्शियमचं टॉनिक नको, ओळखीतला प्रत्येक माणूस सांगेल तरी नको, हाडं बिघडतात.

कायद्याचं म्हणजे मार्च 2024 मध्ये केंद्राने 23 जातींवर बंदीचं पत्र काढलं त्यात रॉटी होता, डेन नव्हता. एप्रिलमध्ये कर्नाटक हायकोर्टाने ते रद्द केलं, पण आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्या बातमीचं कात्रण अजून जपून ठेवलंय.

तुझा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. रात्री दोनला लिफ्ट बंद असताना पोट फुगलेला 65 किलोचा डेन जिन्यावरून कोण उतरवणार? रॉटीची मादी घे, ती चाळीसएक किलोची असते, चादरीत घालून दोघं जण उतरवू शकतात. मात्र पहिलं वर्षभर रोज तास-दीड तास तिच्यासाठी निघत नसेल तर तीही नको.