इमेज उघडत नाही? स्क्वीकची जुनी चेंजेस फाइल आणि फारोचं एपिसिया, दोन्हींचं परीक्षण

काल संध्याकाळी ‘सेव्ह’ दाबून बंद केलेली स्मॉलटॉक इमेज (या प्रोग्रामिंग भाषेत कोड, ऑब्जेक्ट, खिडक्या सगळं एकत्र साठवणारी फाइल) आज उघडत नाही. पांढरी खिडकी येते आणि तिथेच गोठते, नाहीतर टर्मिनलवर एक ओळ छापून सगळं बंद होतं. अशा वेळी नवखी मंडळी फोल्डर उडवून नवी इमेज उतरवतात, आणि त्याच क्षणी खरं नुकसान होतं. कारण इमेज गेली तरी लिहिलेला कोड बहुतेक वेळा त्याच फोल्डरमध्ये पडून असतो. तो परत काढायची साधनं स्क्वीक आणि फारो या दोन्ही फुकट, मुक्त स्मॉलटॉकमध्ये आयती मिळतात. ती किती भरवशाची आहेत आणि कुठे दगा देतात, ते पाहू.

काहीही करण्याआधी अख्खं फोल्डर दुसरीकडे कॉपी करा: इमेज, चेंजेस (तुम्ही केलेल्या कोड-बदलांची फाइल), सोर्सेस (मूळ प्रणालीचा कोड), ‘पॅकेज-कॅश’ आणि ‘फारो-लोकल’ ही फोल्डरं, आणि डीबग लॉग. पुढचं सगळं त्या कॉपीवर.

मग रोग ओळखायचा. व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे इमेज चालवणारा प्रोग्राम) ‘रीड फेल्ड ऑर प्रीमॅच्युअर एंड ऑफ इमेज फाइल’ म्हणत असेल, तर फाइल अर्धवट लिहिली गेली आहे. डिस्क भरली, बॅटरी संपली, किंवा सेव्ह चालू असताना क्लाउड सिंकने मध्येच हात घातला, ही नेहमीची कारणं. ‘धिस इंटरप्रिटर कॅनॉट रीड इमेज फाइल’ असं आलं तर हेक्स एडिटरमध्ये पहिले चार बाइट बघा. अनेक ६४ बिटी स्पर (स्क्वीक-फारोचं आताचं इमेज-स्वरूप) इमेजमध्ये तिथे ‘बी५ ०९ ०१ ००’ असतं (आकडा ६८०२१), ३२ बिटीत ‘७९ १९ ०० ००’ (६५२१). आकडा बरोबर असेल तर बहुधा फक्त चुकीचं व्हीएम वापरलं जातंय, इमेज ठणठणीत आहे. चारही शून्य असतील तर त्या इमेजचा नाद सोडा.

दुसरा प्रकार जास्त फसवा. फाइल धड असते, पण दुखणं आत सेव्ह झालेलं असतं. इमेजमध्ये चालू प्रोसेसही जशाच्या तशा साठवल्या जातात, त्यामुळे अनंत फेऱ्यांत अडकलेली प्रोसेस उघडल्यावर तिथूनच पुढे धावते. स्क्वीकमध्ये ऑल्ट आणि टिंब दाबून ती थांबवून पाहता येते. एररच्या आतच एरर येत असेल तर ‘इमर्जन्सी इव्हॅल्युएटर’ उगवतो. त्यात ‘रिव्हर्ट’ टाइप करून एंटर दाबलं की शेवटचा मेथड-बदल मागे घेतला जातो. दिसायला अगदी ओबडधोबड, पण मूळ क्लासमधली एखादी मेथड बिघडवून ठेवली असेल तर याच्याइतकं झटपट दुसरं काही नाही. फारोत टर्मिनलवरून ‘इव्हॅल’ देऊन, खिडकी न उघडता, एखादी ओळ चालवून बघता येते. तेवढं चाललं तर बिघडलेली मेथड तिथूनच काढून टाका आणि ‘सेव्ह’ पर्यायासह पुन्हा चालवा.

तिसरा प्रकार म्हणजे इमेज उघडते, पण मेथडमध्ये तुम्ही दिलेल्या व्हेरिएबलच्या नावांऐवजी ‘टी१’, ‘टी२’ दिसतं, किंवा भलत्याच मेथडचा अर्धा तुकडा. इथे इमेजला काहीच झालेलं नाही. तिची चेंजेस फाइल हरवली आहे किंवा बदलली गेली आहे. प्रत्येक मेथड आपला मजकूर चेंजेस फाइलीत कितव्या बाइटवर आहे तेवढंच लक्षात ठेवते. म्हणून ती फाइल एडिटरमध्ये उघडून एक ओळ जरी पुसलीत तरी पुढच्या सगळ्या मेथडचे पत्ते सरकतात. वाचायला उघडा, पण सेव्ह करू नका.

आता स्क्वीकची पद्धत. झेरॉक्सच्या ‘पार्क’ संशोधन केंद्रातल्या स्मॉलटॉक-८० पासून चालत आलेली ही व्यवस्था स्क्वीकने १९९६ पासून तशीच ठेवली आहे. मेथड स्वीकारली (‘अ‍ॅक्सेप्ट’ केली) किंवा ‘डू इट’ केलं (निवडलेली ओळ चालवली) की मजकूर त्याच क्षणी चेंजेस फाइलीच्या शेवटी जोडला जातो, इमेज सेव्ह केली असो वा नसो. म्हणजे सेव्ह न करता वीज गेली तरी दिवसाचा कोड डिस्कवर आहे. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी उद्गारचिन्ह येतं, कोडमधलं मूळ उद्गारचिन्ह दुहेरी होतं, आणि मेथडच्या आधीच्या ओळीत क्लास, मेथडचा गट (कॅटेगरी), लिहिणाऱ्याची आद्याक्षरं, तारीख आणि वेळ असते. सेव्ह केल्याच्या जागी ‘स्नॅपशॉट’ आणि बंद केल्याच्या जागी ‘क्विट’ अशा खुणा डॅशांमध्ये ठोकलेल्या असतात.

लिनक्सवर ‘टेल’ ही आज्ञा चालवून शेवटच्या वीस ओळी बघायला गेलात तर अख्खी फाइल अंगावर येते, कारण जुन्या मॅकच्या रिवाजाप्रमाणे ओळी फक्त ‘कॅरेज रिटर्न’ने तोडलेल्या असतात. आधी ‘टीआर’ या आज्ञेने त्याचं ‘न्यूलाइन’ करा (कॉपीवर, मूळ फाइलीवर नव्हे). मग ओळी शोधणारा ‘ग्रेप’ही चालतो.

इमेजच्या आतून करायचं तर मेनूतल्या ‘चेंजेस’मध्ये ‘रिसेंटली लॉग्ड चेंजेस’ आहे. तिथे सेव्हच्या खुणांची यादी येते. नेमकी जागा निवडली की तिथपासूनचे सगळे बदल ओळीने दिसतात. ‘रिमूव्ह ओल्डर व्हर्जन्स’ दाबा, यादी बरीच आखडते. ‘रिमूव्ह डू-इट्स’ मात्र जपून. जुन्या स्क्वीकमध्ये क्लासची व्याख्याही ‘डू-इट’ म्हणूनच दिसते आणि मेथड काढून टाकल्याची नोंदही. ती गाळलीत की मेथड उरतात आणि त्यांना घरच नसतं. मूळ इमेज अजिबात उघडत नसेल तर नव्या इमेजच्या फाइल-लिस्टमध्ये जुनी चेंजेस फाइल निवडून ‘रिसेंट चेंजेस इन फाइल’ वापरा. तिला नव्या इमेजचं नाव मात्र देऊ नका.

या व्यवस्थेची सगळ्यात मोठी खुबी फारशी कुणी सांगत नाही. चेंजेस फाइल फक्त शेवटी वाढते, म्हणून आठवड्यापूर्वीची इमेज आणि आजची चेंजेस फाइल एकत्र ठेवली तरी चालतात. जुन्या इमेजचे पत्ते वाढलेल्या फाइलीतही खरेच राहतात, आणि नंतरचे बदल ‘रिसेंटली लॉग्ड’मधून परत घेता येतात. अट एकच: मधल्या काळात ‘कंडेन्स चेंजेस’ केलेलं नसावं. त्यात फाइल नव्याने लिहिली जाते, जुन्या आवृत्त्या पुसल्या जातात आणि पत्तेही बदलतात.

फारो २००८ मध्ये स्क्वीकमधून वेगळं झालं आणि पुढे त्यात एपिसिया हे बदलांची नोंद ठेवणारं साधन आलं. नोंदी ‘फारो-लोकल’मधल्या ‘ओम्बू-सेशन्स’ फोल्डरमध्ये, ओम्बू प्रत्ययाच्या फाइलींत राहतात. चेंजेस फाइल फक्त मजकूर ठेवते, एपिसिया घटना ठेवतं: क्लास बदलला, मेथड काढली, रिफॅक्टरिंग (वागणूक तीच ठेवून कोडची मांडणी बदलणं) केलं, टेस्ट चालवली, ओळ चालवली. वीस मेथडमध्ये नाव बदललं तर ते एक रिफॅक्टरिंग म्हणून दिसतं, वीस सुटे बदल शोधत बसावं लागत नाही. ‘कोड चेंजेस’ खिडकीत एका बाजूला सत्रं, दुसऱ्या बाजूला घटना. निवडून राइट क्लिक केलं की ‘अप्लाय’ किंवा ‘रिव्हर्ट’. हा ‘रिव्हर्ट’ स्क्वीकच्या यादीपेक्षा कितीतरी सोयीचा.

खटकतं ते असं. फाइलींच्या नावात लांबलचक यादृच्छिक अक्षरं असतात, काही महिन्यांत ढीग साचतो, आणि हवं ते सत्र शेवटी तारखेवरूनच शोधावं लागतं. आतला मजकूर स्टॉन (ऑब्जेक्ट मजकुरात लिहायची पद्धत) स्वरूपात आहे. साध्या एडिटरमध्ये तो वाचता येतो, पण चेंजेस फाइलीसारखा डोळ्याला सरळ लागत नाही. शिवाय फारो लाँचर या इमेज सांभाळणाऱ्या प्रोग्रामामध्ये प्रत्येक इमेजचं वेगळं फोल्डर असतं. तिथे इमेज डिलीट केली की ओम्बू फाइलीही तिच्याबरोबर जातात.

मेलेल्या इमेजवरून कोड आणायचा तर त्याच आवृत्तीची नवी इमेज घ्या. आइसबर्गने (फारोचं गिट वापरायचं साधन) प्रकल्प शेवटच्या कमिटवर आणा, लागणारी पॅकेजेसही लोड करा. सुपरक्लासच नसेल तर खालचा क्लास बसणार नाही. मग जुनी ओम्बू फाइल नव्या इमेजच्या ‘ओम्बू-सेशन्स’मध्ये टाका, कमिटनंतरच्या घटना तेवढ्या निवडा आणि जुन्याकडून नव्याकडे या. ‘सिलेक्ट ऑल’ करून ‘अप्लाय’ मारणं ही मोठी चूक, कारण ज्या बदलाने इमेज मेली तोही यादीत आहे, बहुधा शेवटच्या पाच-दहा घटनांत. त्यांच्याआधी थांबा, इमेज सेव्ह करा, आणि उरलेल्या एकेक वाचून घ्या. विशेषतः मूळ क्लासमधले बदल, इमेज सुरू होताना चालणारा कोड, आणि ‘ओळ चालवली’ प्रकारच्या नोंदी. एखादी फाइल डिलीट करणारी ओळ पुन्हा चालायला नको.

दोन्ही साधनांच्या आवाक्याबाहेरचं बरंच आहे. स्मॉलटॉकच्या कोड-ब्राउझरमध्ये टाइप केलं पण स्वीकारलं नाही, ते कुठेच नाही. इमेजमधले ऑब्जेक्ट, म्हणजे ग्राहकांची यादी किंवा चार तास चालवून काढलेला डेटा, यांची नोंद दोन्हीकडे होत नाही. त्यासाठी फ्यूएल (ऑब्जेक्ट फाइलीत साठवणारं साधन) किंवा स्टॉनने वेगळी फाइल लिहायलाच हवी.

निवड करायची तर रोजच्या कामासाठी फारो आणि एपिसिया, दिवसातून दोन-तीन कमिटसह. मग परत आणायच्या घटना काही तासांच्याच उरतात आणि काम दहा-पंधरा मिनिटांत उरकतं. पण पंधरा वर्षांपूर्वीच्या सीडीवर सापडलेल्या प्रकल्पासाठी मी चेंजेस फाइलीवर पैज लावेन. ती वाचायला चालू इमेजही लागत नाही. आणि तीही नसेल तर ‘पॅकेज-कॅश’ उघडा. तिथल्या माँटिसेलोच्या (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) एमसीझेड फाइली म्हणजे साध्या झिप असतात. एक सोडवली की ‘स्नॅपशॉट’ फोल्डरमध्ये ‘सोर्स डॉट एसटी’ मिळते, त्या आवृत्तीचा पूर्ण कोड असलेली.