१६ जीबी लाईटवाली रॅम, वर्षभराच्या वापरानंतर: दिवे उत्तम, बाकी वाचा

ही रॅम मी लाईटसाठी घेतलेली नाही, हे आधीच सांगतो. बिनलाईटची जोडी तेव्हा स्टॉकमध्ये नव्हती आणि लाईटवाली सेलमध्ये तिच्यापेक्षा स्वस्त पडत होती, एवढंच. ८-८ जीबीच्या दोन स्टिक, डीडीआर४, वेग ३२००, लाइफटाइम वॉरंटी. बाकीचं बॉक्सवर छापलेलं आहे, ते इथे उतरवत बसत नाही. माझं काम डीटीपीचं. लग्नपत्रिका, अल्बम, मार्च संपला की पतसंस्थांचे अहवाल. कोरल आणि फोटोशॉप दिवसभर उघडे असतात. त्याला ही रॅम पुरली आणि पहिले काही महिने कामाच्या बाबतीत एक शब्द बोलायला जागा नव्हती.

लाईटच्या बाबतीत मात्र होती. कॅबिनेटला एका बाजूने काच आहे आणि ते मॉनिटरच्या शेजारीच असतं. मी नवरीच्या शालूचा रंग प्रिंटशी जुळवत बसलोय आणि कागदावर निळा, मग गुलाबी, मग हिरवा उजेड फिरतोय. गिऱ्हाईक विचारतं, शालू जांभळा का दिसतोय? काय सांगणार! माझ्या मदरबोर्डवर तर मशीन स्लीपला टाकलं तरी दिवे चालूच, कारण स्लीपमध्ये रॅमचा पुरवठा चालू ठेवावाच लागतो. बंद करायचे तर मदरबोर्ड कंपनीचं सॉफ्टवेअर टाका. ते विंडोजबरोबर सुरू होणार, कोपऱ्यात बसून राहणार, वर स्वतःचे अपडेट मागणार. दोन दिवे विझवायला एवढा संसार कोण मांडणार? मी काचेला आतून काळा कार्डशीट लावला. बॉक्सवर ‘ऑफ’चं बटण कुठेच का नाही, हा माझा प्रश्न आजही तसाच आहे.

मग लग्नसराईच्या तोंडावर ब्लू स्क्रीन सुरू झाले, म्हणजे विंडोज कोलमडतं आणि निळ्या पडद्यावर चुकीचा कोड दाखवतं. एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, दुसऱ्यांदा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, पुढे ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’. कधी सकाळी पहिली फाईल उघडताना, कधी दुपारभर काही नाही आणि कोरल एक्सपोर्टला लागला की धाडकन. मशीन असेंबल करून देणारा पोरगा आला, पाच मिनिटं बघून म्हणाला, “काका, विंडोज करप्ट झालंय. फॉर्मॅट मारून देतो.” मारला. त्याचे पैसे गेले, शिवाय सगळे मराठी फॉन्ट परत टाकण्यात माझा अख्खा दिवस गेला. दोन-तीन दिवस शांतता, की पुन्हा तेच. पोरगा म्हणे, आता ग्राफिक कार्डचा ड्रायव्हर. तोही बदलला.

इथे एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण नेमकी तीच कोणी सांगत नाही. ड्रायव्हरचा दोष असला की बहुतेक वेळा कोड तोच येतो आणि खाली फाईलचं नावही तेच दिसतं. रॅममधली एखादी जागा खराब असली की त्या क्षणी तिथे जो कोणी बसलेला असेल त्याचा बळी जातो. आज विंडोज, उद्या फोटोशॉप, परवा ब्राउझर. म्हणून कोड बदलत राहतात. दर वेळी वेगळा ब्लू स्क्रीन येत असेल तर फॉर्मॅटला हात लावू देऊ नका, आधी रॅम तपासा.

मला जाग आली ती ब्लू स्क्रीनमुळे नाही, फोटोंमुळे. एका फोटोग्राफरने लग्नाचे फोटो झिप करून पाठवले. उघडताना ‘सीआरसी एरर’, म्हणजे आतला डेटा बिघडलाय. त्याला फोन केला, त्याने परत पाठवले, परत तेच. गंमत म्हणजे तीच डाउनलोड झालेली झिप थोड्या वेळाने उघडली आणि काही न बोलता उघडली. मग कॅमेऱ्याच्या कार्डावरून कॉपी केलेला एक फोटो बघितला. सप्तपदीचा. वरचा अर्धा भाग व्यवस्थित, नवरदेवाच्या छातीपाशी एक आडवी रेघ, आणि तिच्याखाली सगळं चित्र डावीकडे सरकलेलं, हिरवट. कार्डावरचा मूळ फोटो दुसऱ्या मशीनवर बघितला तर ठणठणीत. म्हणजे कॉपी होताना मध्ये बिघडला. फाईल कॉपी होते ती रॅममधून जाते. तिथे एक बिट (० किंवा १ चा एक ठिपका) उलटला की जेपेगसारख्या दाबून बसवलेल्या फाईलमध्ये त्या जागेनंतरचं सगळं गाडं घसरतं. डिस्कला बिचारीला काय कळणार, तिला जे दिलं ते तिने इमानदारीत लिहिलं. आणि रात्री बॅकअपने तोच बिघडलेला फोटो बाहेरच्या हार्डडिस्कवर चढवला. ब्लू स्क्रीन निदान ओरडून सांगतो हो, हे तर गुपचूप चाललेलं. त्या महिन्यातले सगळे अल्बम मी कार्डांवरून पुन्हा तपासले.

विंडोजची स्वतःची मेमरी तपासणी माझ्याकडे ‘काही दोष नाही’ म्हणाली. तिच्यावर थांबू नका. मेमटेस्ट८६+ फुकट आहे, पेनड्राइव्हवर टाकायचा आणि त्यावरून मशीन सुरू करायचं. विंडोज मध्ये येतच नाही, त्यामुळे ‘विंडोज करप्ट’ हे पालुपद तिथे चालत नाही. रात्रभर लावून ठेवला. सकाळी लाल ओळी. अपेक्षित आकड्यात ‘एफ’ची सरळ रांग, मिळालेल्या आकड्यात त्याच रांगेत एके ठिकाणी ‘बी’. ‘एफ’ म्हणजे चारही बिट १, ‘बी’ म्हणजे त्या चारांतला एक पडलेला. आणि दर ओळीत ‘बी’ त्याच जागी. मग एकेक स्टिक वेगळी लावून, त्याच स्लॉटमध्ये, पुन्हा रात्रभर. एक स्वच्छ, दुसरी लाल. लाल निघालेली दुसऱ्या स्लॉटमध्येही लालच, म्हणजे मदरबोर्ड सुटला. स्टिकच्या पायांवरून खोडरबर फिरवून बघितलं (हा उपाय सगळे सांगतात, कधीकधी लागूही पडतो), फरक नाही.

पोरगा तरीही म्हणाला, “काका, रॅम कधी खराब होत नाही.” बाबा रे, २००९ मध्ये गूगलच्या सर्व्हरांवर टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर अभ्यास झाला, त्यात वर्षभरात शंभरातल्या आठांहून जास्त स्टिकमध्ये चूक नोंदली गेली. २०२२ मध्ये लिनक्स बनवणाऱ्या खुद्द लिनस टॉरवाल्ड्सच्या मशीनची रॅम खराब झाली आणि लिनक्सचं काम त्याला लॅपटॉपवर ओढावं लागलं. तो कित्येक दिवस ओरडतोय की चूक पकडणारी ईसीसी रॅम साध्या मशीनलाही मिळायला हवी. आपल्याला काय मिळतं? दिवे.

आता वॉरंटी. आधी फोन. “सर, विंडोज अपडेट केलंत का?” मग पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलाने स्टिक टेस्टच्या बोर्डात खोचल्या, चालू केलं आणि अत्यंत समाधानाने म्हणाला, “लाईट लागतायत सर. बूट पण होतंय. रॅम ओके आहे.” मी मोबाईलमधला लाल ओळींचा फोटो दाखवला. त्याने आतून सीनियरला बोलावलं. त्यांचं म्हणणं, आमच्याकडे २४०० वर एरर येत नाही, तुम्ही एक्सएमपी (रॅमला छापील वेगावर चालवणारं सेटिंग) चालू केलंय, ते ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं, धरतात. म्हटलं, साहेब, एक्सएमपी चालू केल्याशिवाय ही रॅम ३२०० वर चालतच नाही, आणि बॉक्सवर केवढ्या अक्षरात ३२०० छापलंय ते बघा. पैसे ३२०० चे घेतलेत, मग तपासणी २४०० वर कशी? त्यावर उत्तर नव्हतं, पण पावतीही नव्हती. शेवटी मी पेनड्राइव्ह काढला, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी लावायला लावलं आणि खुर्ची ओढून तिथेच बसलो. चहा झाला. तासाभराने पहिली लाल ओळ आली. मग त्यांनी स्टिक ठेवून घेतल्या, दोन्ही, कारण जोडी म्हणून विकलेला माल जोडी म्हणूनच परत जातो. मधले दिवस मी जुन्या मशीनमधल्या ४ जीबीवर काढले. कोरल उघडायला लागला की मी पाणी पिऊन येत असे.

खरी मजा पुढे. फोन आला, “मॉडेल बंद झालंय सर, बिलाची रक्कम परत देतो.” आता २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव कुठे गेलेत ते सगळ्यांना माहीत आहे. कारखान्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळला आणि माझ्या बिलाच्या रकमेत आता एकसुद्धा धड स्टिक येत नव्हती. मी नाही म्हटलं. लाइफटाइम वॉरंटी रॅमला दिलीय, बिलाला नाही. मेलवर मेल, प्रत्येकात बॉक्सचा फोटो आणि तक्रार क्रमांक. फोनवर भांडू नका, लेखी भांडा.

अपडेट: बदली जोडी आली. नवं मॉडेल, तोच वेग. मेमटेस्ट दोन रात्री लावला, एकही ओळ नाही. मी एक स्टार दिला होता तो तीन केला. हिच्यावर दिवे आधीपेक्षा मोठे आहेत.

पुन्हा अपडेट: मशीन परत बंद पडायला लागलं तेव्हा तीनचा शून्य करायच्या तयारीत होतो. पण या वेळचा प्रकार वेगळा. ब्लू स्क्रीन नाही, कोड नाही, सरळ काळोख आणि रीस्टार्ट. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ‘कर्नेल-पॉवर ४१’ आणि बगचेक कोड (ब्लू स्क्रीनचा कोड) शून्य. म्हणजे विंडोजला मरताना काही लिहून ठेवायलाही वेळ मिळाला नाही. अशा वेळी रॅम सोडा, वीज बघा. बंद पडायची वेळ लक्षात ठेवली तर दर वेळी प्रिंट सोडल्यावर. टेबलाखाली वाकून बघितलं. वायरमनने बोर्ड बदलताना लेझर प्रिंटरची पिन यूपीएसच्या बोर्डात खोचून ठेवली होती. लेझर प्रिंटर फ्यूजर (कागदावर टोनर पक्का करणारा भाग) तापवताना एकदम सातशे-आठशे वॉट सहज ओढतो, आणि माझा यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे वॉटमध्ये त्याहूनही कमी. पिन भिंतीतल्या सॉकेटला लावली, प्रकार थांबला. नवा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) घ्यायचा सल्ला पोरगा देऊन गेलाच होता, तो खर्च वाचला. रॅमचे तीन स्टार कायम.

मेमटेस्टही स्वच्छ आणि वीजही ठीक असेल, तरी कोड बदलत येत असतील तर प्रोसेसरवरही शंका घ्या. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत जादा व्होल्टेजने हाच घोळ झाला होता. कित्येकांनी ग्राफिक कार्डाला दोष दिला, शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये बायोसमधून दुरुस्ती आली आणि कंपनीने वॉरंटी दोन वर्षं वाढवली. तुमचं मशीन त्यातलं असेल तर बायोस अपडेट केलंय का ते आजच बघा.

घ्यावी का? आजच्या भावाला तरी नको, चालतंय ते चालवा. घ्यायचीच झाली तर बॉक्स आणि बिल जपून ठेवा, लावली त्याच रात्री एक्सएमपी चालू करून मेमटेस्ट लावा, आणि बिनलाईटची मिळत असेल तर शंभर-दोनशे जास्त देऊनही तीच घ्या. कापलेल्या दोन स्टारांपैकी एक सर्व्हिसचा, दुसरा दिव्यांचा. स्टिक नेऊन देण्यासाठी झालेला पुण्याच्या फेरीचा खर्च मी कंपनीकडे मागितलाय, पावतीसकट. तिसरा मेल परवा टाकला.