सांगलीतला वाचन वर्ग, चार महिन्यांनंतर

आमचं पोरगं चौथीत, डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचायला-लिहायला जड जातं. विश्रामबागेतल्या एका वाचन वर्गाला चार महिने झाले पाठवतोय. 'धर्म'चा रफार कायम गायब व्हायचा, मॅडमनी रव्याच्या ताटात बोटानं गिरवून घेतला आणि आता अख्खा परिच्छेद वाचतो, पण "काय कळलं रे?" विचारलं की छताकडं बघतो. मॅडम म्हणाल्या, अहो दादा, सगळी ताकद अक्षरं लावण्यातच संपतीय, अर्थाला उरणार काय! मग चिनी पोरांचं सांगत बसल्या, तिकडं बाराखडी नाही, हजारो चिन्हं, 'मा'चा नुसता सूर बदलला की आईचा घोडा होतो, त्यामुळं तिथल्या डिस्लेक्सियावाल्या पोरांचा घोळ नुसता आवाजाचा नसतो, चिन्हातले भाग आणि जोडशब्दातला अर्थ ओळखतानाही अडतं. 'वीज' अधिक 'मेंदू' म्हणजे कॉम्प्युटर, हे तर मला लई आवडलं. आता आमच्याकडनं पण 'जलाशय', 'घरजावई' असले शब्द फोडून घेतात, घरजावयाला पोरगं जाम हसलं, म्हणजे कळलं की!

फी मात्र तीन महिन्यांची आगाऊ, सुट्टी पडली तर बदली तास नाही, हे पटलं नाही. बॅचमध्ये सहाच पोरं असतात हे बरंय. पाचपैकी चार स्टार.