फ्रीहेल्ड: ३८ मिनिटं आणि नॉमिनीचा रकाना

मी पेरोलमध्ये काम करते, बारा वर्षं झाली. लोकांचे पीएफ, ग्रॅच्युइटी, मेडिक्लेमचे फॉर्म भरून घेणं हेच रोजचं काम, त्यामुळे एका डॉक्युमेंटरीत सगळं भांडण पेन्शनच्या कागदावरून आहे असं मैत्रिणीने सांगितल्यावर मी बघणारच होते. तिच्याकडे जुनी डीव्हीडी होती. सिंथिया वेड या बाईंची २००७ची फिल्म, नाव 'फ्रीहेल्ड', फक्त ३८ मिनिटांची, म्हटलं कुकर लावून भाजी होईपर्यंत बघून होईल. भाजी करपली.

गोष्ट अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या ओशन काउंटीतली, काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. लॉरेल हेस्टर, पोलीस लेफ्टनंट, २३ वर्षं तपासाचं काम केलेली बाई. फुफ्फुसाचा कॅन्सर, शेवटच्या स्टेजचा. तिची पार्टनर स्टेसी अँड्री गाड्यांची मेकॅनिक. दोघींचं घर आहे, आणि लॉरेलचं म्हणणं इतकंच की मी गेल्यावर माझी पेन्शन स्टेसीला मिळू दे म्हणजे ते घर तिच्या हातातून जाणार नाही. वर्षाला साधारण १३ हजार डॉलर. लॉरेलच्या जागी पुरुष असता आणि मागे बायको असती तर कोणी मान वर करून विचारलंही नसतं.

गंमत बघा, कायदा होता. न्यू जर्सीने २००४ साली डोमेस्टिक पार्टनरशिपचा, म्हणजे लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या जोडीदारांसाठीचा कायदा केला, त्यात राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या पार्टनरला पेन्शन होती, पण काउंटी आणि गावपातळीवर मात्र तुमचं तुम्ही ठरवा. ज्यांनी आपल्याकडचे जीआर वाचलेत त्यांना 'देईल' आणि 'देऊ शकेल' यातला फरक लगेच कळेल, अख्खं घर त्या एका 'शकेल'वर टांगलेलं असतं. ओशन काउंटीच्या पाच फ्रीहोल्डरांनी ठरवलं, नाही द्यायची. कारण कधी खर्चाचं, कधी लग्नाच्या पावित्र्याचं.

फ्रीहोल्डर म्हणजे काय हे मला आधी कळेना, आपल्याकडे फ्रीहोल्ड म्हटलं की प्लॉट आठवतो. तिथे पण मूळ अर्थ तोच, स्वतःच्या मालकीची जमीन असलेला माणूस, आणि काउंटीच्या निवडून आलेल्या सभासदांना इंग्रजांच्या काळापासून तेच नाव चिकटलेलं. म्हणजे साधारण आपले झेडपी मेंबर. माझी मावसबहीण न्यू जर्सीतच एडिसनला असते, ती म्हणाली आता ते नाव गेलं, २०२१पासून कमिशनर म्हणतात.

आता फिल्मबद्दल. मला सगळ्यात आवडलं ते हे की कॅमेरा मीटिंगच्या हॉलमध्ये जाऊन बसतो आणि बसूनच राहतो. वर टेबलामागे पाच पुरुष, समोर एक माइक, आणि त्या माइकवर एकेक जण येऊन बोलतो. पोलीस येतात, शेजारपाजारचे लोक येतात, डेन वेल्स येतो. हा लॉरेलचा जुना जोडीदार, म्हणजे ड्युटीवरचा, चांगला रिपब्लिकन माणूस, फ्रीहोल्डरांच्याच पक्षाचा, आणि तो तिच्या बाजूने उभा. मागे म्युझिक लावून रडवायची काही गरजच पडत नाही. आपल्या सोसायटीच्या जनरल बॉडीला जो एक चेहरा असतो ना, ऐकतोय असं दाखवायचं पण निर्णय आधीच झालेला, तो चेहरा एकदम ओळखीचा वाटला.

मग लॉरेलला यायला जमेनासं होतं. तेव्हा तिचा हॉस्पिटलमधून रेकॉर्ड केलेला मेसेज त्या मीटिंगमध्ये दाखवतात. दर दोन-चार शब्दांनी श्वास संपतो, वाक्य मधेच थांबतं, परत सुरू होतं, आणि हॉलमधल्यांना तेवढा वेळ वाट बघत बसावं लागतं. आपल्यालाही. मी रिमोट हातात घेऊन नुसती बसले होते.

जानेवारी २००६मध्ये बोर्डाने माघार घेतली आणि ठराव झाला. १८ फेब्रुवारीला लॉरेल गेली, वय ४९.

तक्रारी आहेत. स्टेसी मला कमी वाटली, ती मुळात अबोल असणार हे दिसतं पण पैसे मिळणार तिला, घर राखायचंय तिला, तिच्या डोक्यात काय चाललंय ते अजून हवं होतं. कायद्याचा भाग पण भर्रकन जातो, मला दोनदा मागे जाऊन बघावं लागलं आणि माझं तर कामच ते. आणि पाच फ्रीहोल्डर शेवटपर्यंत पाच सूटच राहतात, त्यातल्या एकाचं तरी मन कधी आणि कशाने वळलं हे कळलं असतं तर फार बरं झालं असतं. तरी याला ऑस्कर उगाच नाही मिळालं, शॉर्ट डॉक्युमेंटरीचं, २००८ साली. यावरच २०१५मध्ये ज्युलियन मूर आणि एलियट पेजला घेऊन मोठा सिनेमा झाला, नाव तेच, तोही बघितला, ठीक आहे, पण खऱ्या हॉलमधल्या खऱ्या खुर्च्यांची सर त्याला नाही.

हे मनाला इतकं का लागलं तेही सांगते. दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्याच ऑफिसातली एक मुलगी नॉमिनेशनसाठी आली. पीएफच्या नियमात कुटुंब म्हणजे नवरा-बायको, मुलं, अवलंबून असलेले आईवडील, आणि कुटुंब असेल तर बाहेरच्या कोणाचं नॉमिनेशन चालत नाही. तिचे आईवडील तिच्यावरच अवलंबून. ती म्हणाली, मॅडम, मैत्रिणीचं नाव टाकायचंय, आम्ही सात वर्षं एकत्र राहतो. आणि मी काय म्हणाले? "अगं, आईचं टाक ना, सोपं पडेल." नियम बरोबरच सांगितला मी, पण ज्या झटक्यात सांगितला ना, ते त्या हॉलमधले चेहरे बघताना आठवलं.

आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने १७ ऑक्टोबर २०२३ला समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला, मग ऑगस्ट २०२४मध्ये अर्थखात्याने खुलासा केला की अशा जोडप्यांना बँकेत जॉइंट अकाउंट उघडायला आणि त्यात पार्टनरला नॉमिनी करायला बंदी नाही. म्हणजे बँकेत चालेल. पीएफची व्याख्या आहे तिथेच आहे. टाटा स्टीलसारख्या काही कंपन्यांनी २०१९पासून पार्टनरला मेडिकलसारखे बेनिफिट दिलेत, ते कंपनीच्या मर्जीवर, परत तोच 'शकेल'.

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा स्टेसीसाठी कापला. पेन्शन, एचआर, अकाउंट्स, सरकारी खातं, यापैकी कुठेही असाल तर नक्की बघा, आणि गॅस बंद करून बसा.

त्या मुलीलाही डीव्हीडी दिली, थोडं चाचरतच. म्हणाली आत्ता ऑडिट चालू आहे मॅडम, रविवारी बघतो दोघी. आणि जाता जाता विचारलं, बँकेच्या फॉर्मला रिलेशनच्या रकान्यात काय लिहायचं? मी म्हटलं, थांब, फॉर्म घेऊन ये, बसून बघू.